लोथारचा ठोका

हॅना गेली आणि तिची खुर्ची मला मिळाली. वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य, वाजवणाऱ्यांत पहिल्या रांगेतली, छडी हलवून सगळ्यांना चालवणाऱ्या कंडक्टरच्या अगदी नाकासमोरची. बढती म्हणे. खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीवर माझा कित्येक वर्षं डोळा होता. पण ती अशी मिळावी असं कुणाला वाटेल? अभिनंदन करायला आलेल्यांना मी धड हसूनही दाखवलं नाही.

तिचा नवरा लोथार क्रेसे आमच्याच वाद्यवृंदात, सगळ्यात मागे, टिंपनीवर. टिंपनी म्हणजे तांब्याचे मोठाले नगारे. बराच वेळ नुसतं बसून राहायचं आणि नेमक्या क्षणी ठोका द्यायचा, असलं ते काम. लोथारचा ठोका कधी म्हणजे कधी चुकला नव्हता. येणारा प्रत्येक कंडक्टर कार्यक्रम संपला की त्याच्याकडे बघून मान डोलवायचा आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचा, की बघा, माझ्या इशाऱ्यावर कसा आला.

हॅनाच्या दफनानंतर तो लगेच कामावर हजर झाला. रडला नाही, चिडला नाही. कँटीनमध्ये सॉसेज समोर घेऊन बसायचा, त्याला मोहरीची चटणी लावायचा आणि खायचं विसरायचा. एकदा मी चिडून विचारलं, "अरे, तुला होतंय तरी काय?"

"काही होत नाही, गुड्रुन, तेच तर. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. ओठ आहे, पण आपला वाटत नाही."

मी त्याची थाळी उचलून ठेवली.

त्याच सुमारास आमच्याकडे नवा कंडक्टर निवडायचा होता. जर्मनीत, आमच्या साक्सनीतल्या या गावात कंडक्टर वरून लादलेला चालत नाही. उमेदवाराने आमच्याबरोबर एक कार्यक्रम करायचा आणि मग आम्ही वादकांनी चिठ्ठ्या टाकायच्या. आलेल्या बाईंचं नाव मारिट सोलब्रिग. बुटक्या, आवाज बारीक, छडी अशी धरायच्या की जणू सूप ढवळतायत.

पहिल्याच तालमीत लोथार चुकला. वाजवायच्या रचनेच्या दुसऱ्या भागात एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात, शांतता होते, मग टिंपनीचा एकच हलका ठोका पडतो आणि त्याच्यावरून आम्ही तारवाले पुन्हा सुरू होतो. बाईंनी अख्खा हात लांब करून इशारा दिला. लोथार काठ्या धरून उभा. ठोका आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

"परत घेऊ या," एवढंच बाई म्हणाल्या.

कँटीनमध्ये मग डेटलेफ सुरू झाला. हा आमचा ट्रॉम्बोनवाला, फुंकण्यात आणि बडबडीत सारखाच जोर. "परत घेऊ या म्हणे. चहा आहे का तो? थोर कंडक्टर म्हणजे काय, सांगू? ज्याला बघून घाम फुटतो, तो."

"तुला जिना चढूनही घाम फुटतो," मी म्हटलं. "तालीम वेळेवर सोडतो, तो थोर."

"चेष्टा नको. ज्याच्या हातावरून नजर हलत नाही, तो थोर. लोथार, तूच सांग. इतक्या वर्षांत तू ज्यांच्या इशाऱ्यावर वाजवलंस, त्यांत सगळ्यात थोर कोण?"

लोथार मोहरी लावत होता. "मी कुणाच्याच इशाऱ्यावर वाजवलं नाही. मी हॅनाकडे बघायचो."

कुणाला काही कळेना.

"माझी वेळ आली की ती पाठ ताठ करायची. ठरवलेलं वगैरे काही नव्हतं. लग्नाआधीपासूनचं आहे ते. तिची पाठ ताठ झाली की मी वाजवायचो. पुढे कोण उभं आहे आणि काय हातवारे करतंय, ते मी पाहिलेलंच नाही." मग त्याच सुरात म्हणाला, "कार्यक्रमातही चुकलं तर काठ्या ठेवून देणार आहे. घरी बसेन."

त्या घरात हॅनाचा कोट अजून खुंटीवर होता. हा माणूस तिथे एकटा बसला तर टिकायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी मनाशी ठरवून टाकलं. कुणाला बोलले नाही.

कार्यक्रमाला सभागृह भरलेलं. दुसरा भाग आला, ती जागा आली, सगळं थांबलं. बाईंचा हात लोथारकडे वर झाला. मी एरवी पोत्यासारखी बसते. तेव्हा मात्र हॅना बसायची तशी, मान उचलून, पाठ ताठ केली.

ठोका आला नाही.

शांतता लांबत गेली. लोक खोकायला लागले. आता बाई पुन्हा इशारा करतील, नाहीतर आम्हालाच सुरू करायला लावतील, असं वाटलं. त्यांनी छडी खाली घेतली. दोन्ही हात सैल सोडले आणि थांब्यावर बस यायला अजून वेळ असावा तशा नुसत्या उभ्या राहिल्या. समोर कुणीच काही चालवत नव्हतं.

मग ठोका पडला. अगदी हलका. त्याच्यामागून आम्ही निघालो.

चिठ्ठ्या कँटीनमध्येच टाकल्या. "ऐन वेळी हात सोडून दिले तिने," डेटलेफ पुटपुटला. "याला काय म्हणायचं, मला कळत नाही." पण आपली चिठ्ठी लिहिताना त्याने ती हाताने झाकून घेतली. मी हो लिहिलं. तेव्हा कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग मी लोथारच्या शेजारी जाऊन बसले. तोऱ्यातच होते, कबूल करते. "दिसले ना मी?"

"दिसलीस."

"मग?"

"म्हणूनच हात उचलेना. तिच्या खुर्चीवर तिची पाठ, आणि वर डोकं तुझं." त्याने चाकू खाली ठेवला. "मी काठ्या ठेवायलाच निघालो होतो. तेवढ्यात बाईंनी हात खाली केले. म्हटलं, हिला घाई नाही. मग वाजवला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काही वाटलं का रे वाजवताना?"

त्याने खरंच विचार केला. "नाही."

मग त्याने सॉसेजचा तुकडा कापला, तोंडात घातला आणि चावत चावत म्हणाला, "पुढच्या वेळी वाकूनच बस, गुड्रुन. तू बसतेस तशी."

"बसेन," मी म्हटलं.