दुसरी वही

माझ्या डाव्या भुवईवर चार टाक्यांचा वण आहे. कोणी विचारलं तर पायरीवरून पडले म्हणते. ते खोटं आहे.

कर्जतजवळ डोंगराच्या पायथ्याच्या गावात मी आशाताई आहे. पिशवीत दोन वह्या असतात, एक तापाच्या रुग्णांची, दुसरी बाळंतिणींची. त्या पावसाळ्यात घरोघर ताप होता. बोट टोचायचं, काचेवर रक्त घ्यायचं, नाव लिहायचं, की पुढचं घर. एका घरात आठ दिवसांची बाळंतीण कुडकुडत पडली होती. मी तिचंही बोट टोचलं, तापाच्या वहीत नाव घातलं, गोळ्या दिल्या आणि सासूला म्हटलं, "साथीचा ताप हाय. रिपोर्ट येऊ दे." दुसरी वही काढलीच नाही. काढली असती तर अंगावरून किती जातंय, वास येतोय का, हे विचारावंच लागलं असतं. मला घाई होती.

तिसऱ्या दिवशी गेले तर उंबऱ्यातच घाण वास आला. पोटाला नुसता हात लावला तर ती किंचाळली. मी टेंपो बोलावला. सासू दारात आडवी आली.

"तूच बोललीस ना गं, रिपोर्ट येऊ दे? मग आला का? ओली बाळंतीण बाहेर नाय जायची."

माझं डोकं फिरलं. मी म्हातारीला दंडाला धरून खेचलं. ती मनगटाला कडकडून चावली. मी तिला भिंतीवर ढकललं आणि शेजारणीला हाताशी घेऊन सुनेला गोधडीसकट उचललं. राग म्हातारीवर नव्हताच, हे मला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्याच्या दारातच ती गेली. तिचा नवरा कामावरून थेट तिथे आला. "गोळी देऊन गेलीस ना तू?" एवढंच बोलला, माझे केस धरले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. दोनदा. लोकांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांत द्यायचं का? मी म्हटलं, पायरीवरून पडले. त्याने मारलं ते मला कमीच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात बाळाचं वजन करायला त्या घरी जावंच लागलं. सासूने बाळ माझ्या हातात दिलं.

"आला का गं रिपोर्ट?"

"आला."

"काय निघालं?"

"रक्तात काय नाय," मी म्हटलं, आणि बाळाला काट्याच्या झोळीत ठेवलं.