येळवशीच्या दिवशी आकाशातला टँकर

मालिका परत येतेय हे मला दुकानात कळलं. पुण्याहून लेकीचा फोन आला आणि मी गिऱ्हाइकासमोरच ओरडले. समोरचा ट्रकवाला दोन पावलं मागं सरला. त्याला वाटलं, बॅटरी फुटली.

उमरग्याला हायवेवर आमचं ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा रविवारी संध्याकाळी लाईट हमखास जायची. मग दुकानातली चार्ज केलेली बॅटरी घरी यायची आणि तिच्यावर टीव्ही चालायचा. ही मालिका आम्ही तशीच बघितली, वर्षानुवर्षं. एक भंगार यान ग्रहाग्रहांवर पाणी पोचवतं. म्हणजे आपला टँकरच, फक्त आकाशातला. त्यात तीन आळशी माणसं आणि एक स्वयंपाकी रोबो. कुठल्याही ग्रहावर उतरला की रोबो आधी विचारायचा, जेवलात का? समोर आठ हातांचा राक्षस असला तरी हेच. आम्ही हसून लोळायचो.

शेवटच्या भागात रोबो गळकी नळी बसवायला यानाबाहेर गेला, आतल्यांच्या धांदलीत दार लागलं आणि पुढं मालिकाच बंद पडली.

"मेलाय त्यो," धाकटे दीर तेव्हाच म्हणाले.

"न्हाय भाऊजी. येणार म्हणजे येणार."

पैज लागली. जो हरेल त्यानं येळवशीच्या भज्जीच्या सगळ्या शेंगा एकट्यानं सोलायच्या.

बाहेरच्यांना ही पैज हलकी वाटेल. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गाव रिकामं होतं आणि शेतं भरतात. कडब्याची खोप करून आत देव मांडायचे, आंबील प्यायची, भज्जी खायची, ज्याला शेत नाही त्यालाही बोलावून खाऊ घालायचं. भज्जीला तूर, वाटाणा, पावटा, हरभरा, सगळ्याचे ओले दाणे लागतात, आणि आदल्या दिवशी ढिगारे सोलून बायकांची नखं काळी पडतात. पुरुष ढिगाऱ्याजवळून जातात, चार दाणे तोंडात टाकतात आणि पुढं जातात. त्यानंतर दरवर्षी दीर भज्जी वाढून घेताना विचारायचे, "काय वहिनी, रोबो कुठवर आला?"

फोन ठेवल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पहिला भाग नेमका येळवशीला होता. तोही संध्याकाळी सहाला.

आमचे हे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी बघ की मोबाईलवर."

दुसऱ्या दिवशी बघून काय करायचं? तोवर लेकीनं शेवट सांगितलेला असणार, आणि दीर म्हणणार, मी माझ्या डोळ्यानं बघितलं न्हाय. पैजेचा निकाल चारचौघांत लागला पाहिजे. मी घरावरची डिश उतरवली, टीव्ही गोधडीत गुंडाळला, दुकानातली सगळ्यात दणकट बॅटरी आणि इन्व्हर्टर टेम्पोत चढवला. आंबिलीची घागर मांडीवर घेऊन मी पुढं बसले.

शेतात थोरल्या जाऊबाईंनी टीव्ही बघितला आणि कमरेवर हात ठेवले. "देवाम्होरं ह्यो डबा?"

"देवाकडं पाठ करून ठिवते, आक्का."

"आन् सांजच्याला दूध उतू घालायचं हाय, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. दिवस मावळताना खोपीपुढं बोळक्यात दूध तापवतात. ते ज्या बाजूला उतू जाईल त्यावरून पुढचं साल कसं जाईल ते आमच्याकडं ठरवतात. दुधावर नजर ठेवायचा मान आक्कांचा. त्या वेळी त्या पापणीही हलवत नाहीत.

डिश पाखरं राखायच्या माळ्यावर बांधली. हे वर चढले, मी खाली टीव्हीपाशी.

"आलं का?"

"न्हाय. जरा डावीकडं."

"आता?"

"तुमची डावी न्हवं, माझी!"

दीर बाजेवर पडून हुरडा खात होते. "वहिनी, देवच न्हाय म्हणतोय. पुढल्या सालच्या शेंगांचं पोतं आत्ताच बघून ठिवा." जेवायला बोलावलेले दोन ट्रक ड्रायव्हर हसले. मी पाना घेऊन स्वतः माळ्यावर चढले, खिळखिळा झालेला नट आवळला आणि खालून ड्रायव्हर ओरडले, "दिख रहा है!"

सहाला सुरुवातीचं तेच जुनं संगीत वाजलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तेच यान, आणखी भंगार झालेलं. तीच तीन माणसं, केस पिकलेली, पोटं सुटलेली, आळस तेवढाच. जेवणाचे हाल चाललेले. ड्रायव्हरांना आधीचं काही माहीत नव्हतं, तरी ते मांड्या थोपटत हसत होते. रोबोचा मात्र पत्ता नव्हता. अर्धा भाग संपला.

"सोला, वहिनी," दीर म्हणाले.

तेवढ्यात यानाच्या दारावर टकटक झाली. तिघं एकमेकांना म्हणाले, तू उघड. कुणीच उठेना. पुन्हा टकटक.

"अरं उघडा की मुडद्यांनो!"

हे कुणी ओरडलं म्हणून मी वळले. आक्का. दुधाच्या चुलीपासून कधी उठल्या कोण जाणे, ड्रायव्हरांच्या मधे उभ्या होत्या. दार उघडलं. गंजलेला, एक हात निखळलेला रोबो आत आला आणि म्हणाला, "जेवलात का?"

मी जागच्या जागी उडी मारली. आक्कांनी टाळी वाजवली. मग चर्र आवाज झाला आणि करपल्याचा वास आला.

दूध उतू गेलं होतं. कुठल्या बाजूला, ते एकानंही बघितलं नव्हतं. जिकडंतिकडं ओली राख. आजवर असं कधी झालं नव्हतं. आक्का बोळक्याकडं बघत राहिल्या.

दिरांनी संधी साधली. "बघा. अपशकुन झाला. आता पैज बी रद्द."

"गप बसा," आक्का म्हणाल्या. "दूध पुन्हा ठिवता येतंय. घागरीशेजारी हाय अजून तांब्याभर. पुढल्या साली शेंगा तुमीच सोलायच्या, आन् मी म्होरं बसून सोलून घेणार."

त्यांनी बोळकं पुसलं, दूध ओतलं, चुलीत कडबा सारला. पण काडी ओढायच्या आधी मान वळवून मला विचारलं,

"जाहिराती कवा लागत्यात गं?"