हद्द दाखवली नाही
शहरातल्या छावणी भागातून सकाळी निघायचं, कन्नडपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी आणि मग पायी. असं तीन वर्षं मी डोंगरातल्या त्या भिल्ल वस्तीवर जात होते. जंगल राखायचा हक्क वस्तीच्या नावावर व्हावा म्हणून दावा केला होता. कागद मी लिहायचे, सह्या-अंगठे त्यांचे. दर खेपेला काहीतरी राहायचंच. कधी ठरावावर तारीख नाही, कधी निम्म्या बायका लग्नाला गेल्या म्हणून सभाच नाही. माझं डोकं उठायचं.

शेवटी पाहणीचा दिवस ठरला. सगळ्यांचा जीव वस्तीच्या देवराईत अडकला होता. ती नकाशात आली नाही, तर शेजारच्या दगडखाणीत जाणार हे उघड होतं. हद्द सांगणार होते वस्तीतले सर्वांत म्हातारे बाबा. त्यांना मी चारदा पढवलं, "साहेबांनी विचारलं की लगेच दाखवायचं, हां."

पाहणीचे सरकारी साहेब आले ते उन्हानं वैतागूनच. "कुठून कुठपर्यंत?" बाबा चार पावलं पुढे गेले, चपला काढल्या, हात जोडले आणि गप्प उभे राहिले. राईच्या कडेनं बरंच पुढे जाऊन पुन्हा तेच. साहेब घड्याळ बघत होते, मी चरफडत होते. ही काय पूजेची वेळ? तिसऱ्यांदा हात जोडल्यावर मी त्यांना दंडाला धरून बाजूलाच घेतलं. "वय झालंय हो त्यांचं," मी साहेबांना म्हणाले. साहेबांनी पंचनाम्यात 'हद्द दाखवली नाही' असं लिहिलं आणि जीप गेली.

मग मी बाबांवर खेकसले, "तीन वर्षं घासली मी! एक बोट दाखवायला काय जात होतं?"

बाबांनी चपला पायात सरकवल्या. "देवाला कुणी बोट दावतं व्हय, ताई? हात जोडूनच दावत्यात. तीन कोपरे दावले की. चौथ्याला तुमीच धरलं मला."

या तीन वर्षांत देवराईकडे बोट करून मी कितीदा तरी तावातावानं बोलले असेन. बायका तेव्हा माना खाली घालायच्या. मला वाटायचं, लाजतात.

फेरपाहणीचा अर्ज तिथंच दगडावर बसून लिहायला घेतला. स्वतःचाच इतका संताप आला होता, की दोन कागद फाडले. बाबा शेजारी येऊन बसले.

"पुढच्या टायमाला बोट तुमीच दावा, ताई. तुमाला चालतंय. तुमचा देव नाय तो."