माझ्याच पोटातला जंतू

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सेक्टरच्या बाजारात एक डॉक्टर आहेत. त्यांनी मला दोन वर्षांत सात वेळा लघवीच्या जळजळीवर गोळ्या लिहून दिल्या आणि एकदाही ती तपासून आणायला सांगितलं नाही. सात हा आकडा मी फाईलमधल्या चिठ्ठ्या मोजून सांगतेय. तेव्हा मी मोजत नव्हते. तेव्हा मला फक्त लाज वाटत होती.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे. दिल्लीत येऊन चौदा वर्षं झाली. नवरा गुडगावला आयटीत आहे, मुलगी आठवीत. पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा मी पुण्याला आईला फोन केला. ती म्हणाली, उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी पी. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारलं, "पण आता तर विंटर आहे ना?" मी हसले. उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ, हे तिला समजावून सांगायचं मात्र टाळलं. या विषयावर गप्प बसण्याची सवय मला इतकी होती की घरात, मराठीतसुद्धा, तो शब्द तोंडातून निघत नव्हता.

धण्याच्या पाण्याने काही झालं नाही, म्हणून त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं, पुन्हा तेच. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी धीर करून विचारलं की हे सारखं सारखं का होतंय. दवाखान्यात मधे नुसता एक पडदा. पलीकडच्या बाकावर चार माणसं बसलेली. डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, सफाई रखा कीजिए. और हस्बंड से थोडा परहेज."

मी मान खाली घालून बाहेर आले. कोणाकडे पाहिलं नाही.

घरी येताना जंतुनाशक द्रावणाची बाटली घेतली. त्यानंतर कित्येक महिने मी दिवसातून दोनदा त्या पाण्याने धूत होते. आग व्हायची, मी सहन करायचे. आग होतेय म्हणजे जंतू मरतायत, असं मला वाटायचं. डॉक्टरांचं म्हणणं मी नवऱ्याला सांगितलं. आठवड्याभरात त्याचा टॉवेल आणि साबण मुलीच्या बाथरूममध्ये गेला. मग तो हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागला. तुला आराम मिळावा म्हणून, असं म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही आणि मी त्याला खोदून विचारलंही नाही.

ऑफिसमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. आमच्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह दुरुस्तीसाठी बंद होतं. दारावर चिकटवलेला कागद पिवळा पडला, तरी दुरुस्ती सुरू झालेली नव्हती. दोन मजले उतरून जावं लागे आणि तिथे रांग. म्हणून मी सकाळच्या चहानंतर पाणीच प्यायचं सोडलं. मीटिंग लांबली की तुंबवून बसायचे. पुरुष अधिकारी मधेच उठून जाऊन यायचे. मला वाटायचं, आपण उठलो तर सगळ्यांना कळेल कशाला ते.

अशाच एका लांबलेल्या मीटिंगनंतर मी मेट्रोत बसले. ब्ल्यू लाइनला नेहमीची गर्दी होती. करोल बागच्या आसपास मला थंडी वाजायला लागली. आधी वाटलं एसी जास्त आहे. मग दात एकमेकांवर आपटायला लागले आणि उजव्या कुशीत, पाठीकडे, कोणी खुंटी ठोकतंय असं दुखायला लागलं. समोर उभ्या असलेल्या एका बाईने न विचारता आपली ओढणी माझ्या खांद्यांवर टाकली. ती माझ्याबरोबर द्वारकेपर्यंत आली. स्टेशनवर नवरा येईपर्यंत थांबली आणि मग उलट दिशेची गाडी पकडून गेली. तिचं स्टेशन केव्हाच मागे गेलं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

तिथून थेट हॉस्पिटलात. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. सलाईनमधून औषध सुरू केलं. तिथली डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिने माझी फाईल पालथी घातली आणि विचारलं की कल्चरचे रिपोर्ट कुठे आहेत. मी विचारलं, कल्चर म्हणजे काय? तिने फाईल मिटली. एवढ्या वेळा औषध घेतलं आणि एकदाही नाही? मी म्हटलं, मला कोणी सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लघवीतला जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही, याची ती यादी होती. जंतूचं नाव ई. कोलाय. मला दोन वर्षं दिलेल्या गोळ्यांचं नाव यादीत वरतीच होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं की हा जंतू त्यांना जुमानत नाही.

डॉक्टरने पलंगाच्या कडेला बसून सगळं नीट सांगितलं. हा जंतू बाहेरून आलेला नाही, तुमच्याच आतड्यातला आहे. तिथे तो निमूट राहतो. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून तिथून वर चढणं त्याला सोपं. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात, त्यांनी तो मूत्राशयाला चिकटून बसतो. काही तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून दडतात. गोळ्यांनी बाहेरचे मरतात, तुम्हाला बरं वाटतं, आणि आतले काही आठवड्यांनी पुन्हा बाहेर पडतात. चुकीचं औषध सारखं घेतलं की चिवट तेवढे उरतात. तुंबवल्याने, पाणी न प्यायल्याने त्यांना सवड मिळते.

मी द्रावणाच्या बाटलीबद्दल सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. तिथे राखणीला असलेले चांगले जंतू मी स्वतःच्या हाताने मारत होते. नवऱ्याला माझ्यापासून लागण होईल का, हेही मी विचारून टाकलं. ती म्हणाली की हा एकापासून दुसऱ्याला होणारा आजार नाही. नवरा तिथेच खुर्चीत बसला होता. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

तुम्ही अस्वच्छ नव्हतात, असं ती जाताना म्हणाली. एवढं ऐकून मी रडायला हवं होतं. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की मी सलाईनच्या हाताची मूठ आवळली आणि नर्सने येऊन सुई तपासली.

नवऱ्याशी घरी आल्यावर भांडले. मी म्हटलं, "मला विटाळ झाल्यासारखा टॉवेल हलवलास. एकदा तोंडाने विचारायचंस तरी." तो म्हणाला, "मी घाबरलो होतो. आणि मलाही लाज वाटत होती." मी त्याला लगेच माफ केलं नाही. साबण त्याने त्याच दिवशी परत आणून ठेवला. आमचं बोलणं सुरळीत व्हायला मात्र बरेच दिवस गेले.

अंगात ताकद आल्यावर एका शनिवारी सकाळी मी रिपोर्ट घेऊन बाजारातल्या दवाखान्यात गेले. बाकावर माणसं होती. माझा नंबर आल्यावर मी पडदा सरकवून पूर्ण उघडा ठेवला. डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर फिरवली. आता ठीक आहात ना, मग झालं, असं काहीतरी म्हणाले. मी विचारलं की ही तपासणी मला का सांगितली नाही. ते म्हणाले की टेस्ट लिहिली तरी पेशंट करत नाहीत, दोन दिवस थांबायला कोणी तयार नसतं, लगेच गोळी मागतात.

हे साफ खोटं नव्हतं, म्हणून तर माझं डोकं जास्त तापलं. मी म्हटलं, "मुझसे पूछा था आपने? एक बार भी? सफाई का तो सबके सामने बोल दिया, पेशाब की जांच का बोलने में क्या हो गया?"

पेशाब हा शब्द मी मुद्दाम मोठ्याने उच्चारला. डॉक्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. पुढचा नंबर पुकारला. माफी मागितली नाही.

मी पायऱ्या उतरत होते, तेव्हा बाकावरची एक बाई मागून आली. माझ्याच वयाची, हातात भाजीची पिशवी. तिने इकडे तिकडे बघून हळूच विचारलं की त्या जांचेचं नाव काय. मी विचारलं, कितव्यांदा? तिने बोटं दाखवली, पाच. मी रिपोर्टच्या पाकिटाचा कोपरा फाडून त्यावर नाव लिहून दिलं, आणि गोळी सुरू करायच्या आधी करायची, हेही. तिने तो कागद ब्लाउजमध्ये खोचला आणि ती परत आत गेली नाही.

ऑफिसात मी बंद स्वच्छतागृहाबद्दल अर्ज दिला. वरिष्ठांनी 'लघवी' ऐवजी 'असुविधा' लिहा म्हणून तो परत पाठवला. मी शब्द न बदलता तोच अर्ज पुन्हा दिला. खाली आणखी अकरा जणींच्या सह्या होत्या. पावसाळ्यानंतर स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं. नळाला पाणी यायला आणखी महिना लागला.

मी पूर्ण बरी झाले, असं म्हणता येत नाही. चार महिन्यांनी जळजळ पुन्हा सुरू झाली. या वेळी आधी लघवी लॅबमध्ये दिली. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. ते मी पाणी पीत, कण्हत काढले, मग नेमकं औषध घेतलं. जंतू तोच होता. हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की तो आणखीही येऊ शकतो. आता आठ महिने झाले, आलेला नाही. त्या जंतूवर माझा राग नाही. तो आपलं पोट भरत होता. राग माणसांवर आहे, आणि तो मी अजून सोडलेला नाही.