तिसऱ्या घराचं माप

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी ईस्ट टामाकीच्या आमच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनच्या टेबलाशी होतो. "भावजी, सुधीर गेला," एवढंच म्हणाल्या. टौरंगा गावी, फळं निवडून पेट्या भरायच्या पॅकहाऊसमध्ये, किवीफ्रूटच्या फिरत्या पट्ट्यासमोर उभ्याउभ्याच कोसळला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. हातातला जॉब, म्हणजे मोजायचा सुटा भाग, मी ट्रेमध्ये ठेवला, रजिस्टरवर सही केली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलो. पाच आठवडे झाले त्याला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याच्याबद्दल भरभरून लिहिलं, आणि ते खरंच आहे. पण सुधीरचा हात कुणामुळे निकामी झाला, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. मला आहे. म्हणून या रविवारच्या पुरवणीत हा लेख.

आम्ही दोघं पिंपरीचे, एकाच टूलरूममध्ये साचे-हत्यारं घडवायला शिकलेले, इथं किवींच्या देशातही मागंपुढं एकाच वर्षी आलो. अवोन्डेल भागात एका खोलीत दोन वर्षं काढली. रविवारच्या बाजारातून मेथी मी आणायची आणि मी निवडलेली तो पुन्हा निवडायचा. "विन्या, तू काम संपवायला बसतोस रे, करायला नाही," असं म्हणायचा, आणि मला भयंकर राग यायचा. त्याचा एक नियम होता. स्वतः केलेल्या जॉबचं माप स्वतः पास करायचं नाही, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यायचं. आपला डोळा आपल्या चुकीला सरावतो म्हणे. लग्न झालं, मुलगी झाली, घर घेतलं, तरी हा नियम काही सुटला नाही... आणि त्याचा तो दुसरा माणूस कायम मीच.

पिस्तूल क्लबात तो कसा गेला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ब्राह्मणाघरचं पोर, दिवाळीत फुलबाजीच्या पलीकडे गेलं नव्हतं! पण जुन्या रिव्हॉल्व्हरांनी त्याला वेड लावलं. काळ्या दारूवर चालणारी ती जात. फिरत्या सिलिंडरमध्ये सहा घरं, प्रत्येक घरात दारू ओतायची, शिशाची गोळी दाबून बसवायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी लावायची. सहा बारांसाठी दहा मिनिटं खटाटोप. क्लबात रॉन नावाचे एक म्हातारे गोरे गृहस्थ होते. त्यांचे हात थरथरायला लागले, दारू टेबलावर सांडायला लागली, आणि त्यांनी येणंच बंद केलं. सुधीर त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, मी तुम्हाला आजच्या काडतुसांवर चालणारं नवं सिलिंडर करून देतो, नुसतं भरा आणि उडवा. परवाने, क्लबची संमती, सगळं रीतसर घेतलं. मला तो एवढंच म्हणाला होता, की जुन्या दारूचा धक्का मऊ असतो, काडतुसाचा अंगावर येतो. म्हणून प्रत्येक घराभोवतीची पोलादाची भिंत पुरेशी जाड हवी, एका बाजूनंही पातळ चालणार नाही.

तीन महिने शनिवार-रविवार खपून त्यानं ते केलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा तोही आमच्याच कारखान्यात होता; एका शुक्रवारी लंच ब्रेकला ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं, सोबत सहा चौकटींचा एक कागद. "सहाही मोज," म्हणाला आणि गेला. आता आमच्याकडं रोज शेकडो जॉब येतात. लॉटमधला पहिला मोजायचा, शेवटचा मोजायचा, दोन्ही बरोबर असले की मधले पास. बारा वर्षं हाताला तेच वळण. मी पहिलं घर मोजलं, सहावं मोजलं, आकडे लिहिले, मधल्या चार चौकटींत 'मोजलं, बरोबर' अशी टिक केली आणि खाली सही ठोकली. डब्यातली भाजी गार होत होती, बस्स. दुसरं काहीही कारण नाही. संध्याकाळी तो कागद न्यायला आला तेव्हा मी त्याला म्हणालोसुद्धा, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास.

बनवणाऱ्यानं पहिले बार स्वतः मारायचे, हाही त्याचाच नियम. रविवारी तिसऱ्या बाराला सिलिंडर फाटलं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. रॉन शेजारीच उभे होते; ते पुन्हा क्लबात आले नाहीत. चौकशीत सुधीरनं जबानी दिली, की मापं माझी मीच घेतली होती, चूक माझी. मी हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून हे ऐकलं आणि गप्प राहिलो. लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं जास्त वाईट.

टूलमेकरचा अंगठा गेला की त्याच्याकडं काय उरतं? तो टौरंगाला गेला, फळं निवडायच्या कामाला लागला. गेल्या इस्टरला मी भेटायला गेलो होतो, आज सांगायचंच असं ठरवून. घरामागच्या लाकडी डेकवर चहा घेताना सुरुवातही केली... "सुध्या, ते सिलिंडर..." त्यानं डाव्या हातानं बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली. "खा रे. मेधानं तुझ्यासाठी आणलीयेत." मी एक उचलून खाल्लं.

तेराव्याला मेधावहिनींनी त्याच्या मायक्रोमीटरची लाकडी पेटी माझ्या हाती दिली. "तुम्हालाच द्यायची, असं सांगून ठेवलं होतं त्यानं," म्हणाल्या. घरी येऊन उघडली. मखमलीखाली तो कागद होता, माझ्या सहीचा. म्हणजे चौकशीत त्यानं तो दाखवलाच नव्हता. दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चौकटीतल्या माझ्या टिका खोडून तिथं आकडे घातलेले होते, पहिलीतल्या मुलासारखे वाकडेतिकडे, डाव्या हातानं काढलेले. फाटलेलं सिलिंडर परत मिळाल्यावर त्यानं एका हातानं, बसून, उरलेली घरं मोजली होती. चार वर्षं त्याला सगळं माहीत होतं, आणि तो मला बिस्किटं देत होता.

वहिनी ही पुरवणी नेटवर दर रविवारी वाचतात. समोर बसून सांगायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून इथं लिहितोय. वहिनी, ते माप मी घेतलंच नव्हतं.

पेटी आता माझ्या टेबलावर असते. कागद मी रोज एकदा उघडून बघतो. तिसरं घर फाटलेलं, त्याचं माप कोण घेणार. त्या चौकटीत अजून माझी टिकच आहे.