न वाजलेल्या कपबशा

दामिनी चहाचा ट्रे घेऊन बैठकीत आली आणि एकही कपबशी वाजली नाही. दाराआड उभ्या असलेल्या तिच्या आईला, उमादेवीला, आधी हायसं वाटलं. मागच्या स्थळाच्या वेळी पोरीचे हात थरथरले होते, बशीत चहा सांडला होता. मुलाची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोरगी भ्याली का काय? का हाताला काही हाय?" तिकडून नकार आला.

थरथर गोळीची होती. नांदेडला बी.एस्सी. करताना दामिनीची झोपच उडाली. वसतिगृहातल्या पोरींना ती आपले कपडे वाटू लागली, 'मी शाळा काढायलेय' म्हणून रस्त्यात माणसं थांबवू लागली. मग तीच पोर भिंतीकडं तोंड करून पडली, केसांना कंगवाही लागू देईना. वडिलांनी, मल्लिनाथ अप्पांनी, तिला माहूरला देवीकडं नेलं. उमादेवीनं नांदेडच्या मनोविकारतज्ज्ञाकडं.

"बायपोलर म्हणतात याला," डॉक्टर म्हणाले. "मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. लिथियमनं ते सावरतं. मधूनमधून रक्त तपासू. हात थरथरले तर मला सांगा, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका."

अप्पा समोरच बसले होते.

दामिनी सावरली. उदगीरला परतून पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली. जेवण झालं की अप्पा लाडानं तिच्या तळहातावर गोळी ठेवायचे. उमादेवीला त्याचं कौतुक वाटायचं. चला, बाप तरी समजला.

आज निलंग्याचे पाहुणे चहा पीत होते आणि दामिनी बोलत होती. एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. सगळे पोट धरून हसत होते. मधेच ती आत धावली, आपली नवी इरकल साडी आणून मुलाच्या आत्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या की आत्या, तुम्हालाच शोभती!"

"लई मोकळी पोरगी हाय," आत्या खूश. होकार तिथल्या तिथंच आला.

पोरीच्या डोळ्यांतली ही चमक उमादेवीनं वसतिगृहात पाहिली होती.

पाहुणे गेले तसं तिनं विचारलं, "दामू, गोळी घेतीस का न्हाई?"

"रोज घेते की, अव्वा! अप्पाच देतात. कंपनी बदलली म्हणे, म्हणून रंग येगळा."

उमादेवी नवऱ्याकडं वळली. "अवो, कोणती कंपनी?"

"कॅल्शियम हाय," अप्पा खाली बघत म्हणाले. "विष न्हाई दिलं मी."

"कवापासून?"

"स्थळाचा निरोप आला तवापासून. लग्न ठरलं की परत सुरूच करणार होतो. आज वाजल्या का कपबशा? सांग ना!"

"मला एका शब्दानं बोलला न्हाईत?"

"तू होऊ दिलं असतं का?"

"आन् मला, अप्पा?" दामिनी म्हणाली. तोंडावरचं हसू अजून उतरलं नव्हतं, त्यामुळं ते बघवेना. "तुम्ही हातावर ठेवायचे, मी गिळायचे. कधी पारखून बघितलं न्हाई."

अप्पा रिकाम्या कपबशा गोळा करू लागले.

दुसऱ्याच दिवशी उमादेवीनं तिला नांदेडला नेलं. निलंग्याला फोन करून खरं सांगितलं. पलीकडून फोन ठेवला गेला. साडी काही परत आली नाही. दामिनीचं चढलेलं मन उतरायला, मग तळातून वर यायला बराच काळ गेला. शिकवणीची पोरं दुसरीकडं गेली होती, ती एकेक करून परत आली.

आता गोळ्या तिच्या कपाटात असतात, किल्ली तिच्या गळ्यात. "घेतलीस?" उमादेवी विचारते. "हाव," म्हणून दामिनी कपाट लावते. गोळी आईलाही दाखवत नाही. गोळी बदलल्याचं अव्वाला ठाऊक नव्हतं, हे तिला पूर्ण पटलंय की नाही, कुणास ठाऊक. आणि 'मी नव्हते गं त्यात' हे उमादेवीनं तरी किती वेळा म्हणायचं?

सकाळी दामिनी चहा घेऊन बैठकीत येते. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केलाय, तरी कपबशा किणकिणतात. कणीक मळता मळता उमादेवीचा हात थांबतो, कान बैठकीकडं लागतात. आवाज आला की ती पुन्हा मळू लागते.

बाहेर अप्पा बशीत सांडलेला चहा आधी पितात. दामिनी त्यांच्याकडं बघत नाही.