गळ्यातून न काढलेली दुर्बीण

देवेशच्या खिडकीला आता पडदा आहे. गेल्या रविवारी मी बोरीवलीला त्याच्याकडे गेले तेव्हा पाहिला. जाड कापडाचा, घड्यांच्या रेषाही अजून न मोडलेला. भर दुपारी घरात दिवा लावून माझा मुलगा एकटा जेवत होता. तेव्हापासून ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, ह्यांच्या हातावर गोळी ठेवताना मध्येच मला तो दिवा दिसतो.

कारण ते घर त्याने घेतलं तेच मुळी त्या खिडकीसाठी. सोसायटीची मागची भिंत संपली की नॅशनल पार्कचं रान सुरू होतं. आम्ही दोघं मुलुंडला, त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. "आई, मधलं जंगल सोडलं तर आपण शेजारीच आहोत की," असं म्हणून त्याने माझी समजूत घातली होती.

देवेश चाळिशीला टेकलाय. पवईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून काम करतो. लग्न एकदा ठरत आलं होतं, ते मोडलं, आणि त्यानंतर त्याने तो विषय घरात काढू दिला नाही. बोलायला मुळातच कमी. लहानपणी पाहुणे आले की हा खाटेखाली जाऊन बसायचा आणि त्यांच्या पायांवरून कोण आलंय ते ओळखायचा.

आमच्याकडे सगळं 'चालेल' या एका शब्दावर चाललं. सासरे काशीराम कोकणातून गिरणीत आले, तेव्हापासूनची ती सवय. गणवेश चुलतभावाचा, उसवून पुन्हा शिवलेला. दप्तर त्याचंच. पुस्तकांवर आधीच्या मुलाचं नाव खोडलेलं. सायकल तर तिसऱ्या हाताची. देवेशने कधी कुरकूर केली नाही, म्हणून आम्हाला वाटलं की त्याला चालतंय.

त्याची पहिली दुर्बीणही जुनीच होती. ह्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी घर आवरताना दिलेली. डोळ्याला लागतं तिथलं एका बाजूचं रबर गेलेलं, तिथे देवेशने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. पट्टा स्टेशनाबाहेरच्या चांभाराकडून शिवून घेतलेला. एकदा ती पवई तलावाच्या चिखलात पडली, घरी आणून धुतली, आणि एका बाजूला कायमचं धुकं राहिलं. "हिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा.

'सगळे' म्हणजे क्षमाचा ग्रुप. क्षमा शाळेत विज्ञान शिकवते. दर रविवारी सकाळी ती पाच-सहा जणांना घेऊन पक्षी बघायला जाते, कधी तलावाकाठी, कधी पार्कात, कधी खाडीवर. सगळ्यांकडे दुर्बिणी नसतात. त्यामुळे त्यांचा एक रिवाज आहे. ज्याला पक्षी सापडला त्याने आपण पोटभर बघत बसायचं नाही, गळ्यातला पट्टा काढायचा आणि दुर्बीण शेजारच्याला द्यायची. ती हातोहात सगळीकडे फिरते. देवेशची परत यायची तेव्हा तिला कुणाचा घाम, कुणाचं काजळ, कुणाच्या बोटांचं वड्याचं तेल लागलेलं असायचं. तो शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि पुन्हा डोळ्याला लावायचा. तिथून तो आमच्याकडे जेवायला यायचा. कधी सोबत दोघं-तिघं असायची. त्या रविवारी माझा मुलगा बोलायचा. कमळपक्षी पानांवरून कसा चालतो ते आमच्या स्वयंपाकघरात चालून दाखवायचा.

मग नवी दुर्बीण आली.

ती उघडायला तो मुद्दाम मुलुंडला आला. लाकडी पेटी, आत मखमल, वर पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड. दुर्बिणीला काळ्या रबराऐवजी तपकिरी चामडं मढवलेलं. परदेशी कंपनीने अशा मोजक्याच काढल्या होत्या, प्रत्येकीवर तिचा नंबर कोरलेला. लिमिटेड एडिशन. किंमत त्याने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही.

ह्यांनी एक हातमोजा उचलून बघितला. हे खुशीत असले की मालवणीत शिरतात. म्हणाले, "काय रे, ह्येच्यातसून काय देव दिसतत?"

"बाबा, हात नका लावू, तेलकट आहेत."

"माझे? अरे, आत्ता धुतलंय मी."

मी सवयीने हळदकुंकवाची कुयरी घेऊन आले. नवी वस्तू घरात आली, बोट टेकवायला नको? देवेशने पेटीच छातीशी धरली. "आई! चामड्यावर डाग पडेल!" शेवटी मी बाहेरच्या खोक्याला कुंकू लावलं. आम्ही तिघंही हसलो.

मग त्याने गॅलरीत नेऊन मला तिच्यातून दाखवलं. खोटं कशाला बोलू, समोरच्या पिंपळाच्या पानावरची शीर न् शीर दिसली. पानाच्या टोकाला एक मुंगी अडकली होती, तीसुद्धा. तो माझ्या बाजूला उभा होता, दुर्बिणीखाली दोन्ही हात धरून, जसं नव्या आईच्या हातातल्या बाळाखाली कुणीतरी हात धरतं.

"आई," तो म्हणाला, "माझ्या आधी ही कुणाचीच नव्हती."

मला त्या क्षणी त्याच्या खोडलेल्या नावांच्या पुस्तकांची आठवण झाली. म्हणून ती पेटी कितीही नखऱ्याची वाटली तरी मी त्याला नावं ठेवू शकत नाही. जुनी दुर्बीण त्याने त्याच आठवड्यात क्षमाला देऊन टाकली, ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी.

पुढच्या रविवारी पवईला मीही गेले होते. गुडघा बरा होता, आणि मला त्याचा आनंद बघायचा होता. सगळे भोवती जमले. ग्रुपमधला प्रांजल कॉलेजातला, तोंडाने फटकळ.

"देवेशदादा, झकास यार! हिला उन्हातून आणलंस? टॅक्सी केलीस ना वेगळी?"

"दे रे, बघू तरी," क्षमा म्हणाली.

देवेशने आधी मऊ फडक्याने भिंगं पुसली. मग पट्टा गळ्यात तसाच ठेवून तो तिच्याजवळ सरकला आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांपुढे धरली. बिचारी क्षमा मान वाकडी करून, त्याच्या छातीला डोकं लागू नये म्हणून अंग चोरून बघत होती.

"अरे, गळ्यातून काढ की," ती हसत म्हणाली. "मंगळसूत्र आहे का ते?"

सगळे हसले. देवेशही हसला. पण पट्टा काढला नाही.

त्या दिवशी एक आजोबा पहिल्यांदाच आले होते. वाकोल्याहून पहाटे निघालेले, डोक्याला माकडटोपी. पाण्यात हळदी-कुंकू बदकांची जोडी होती. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि कपाळाशी लाल ठिपके असतात, म्हणून ते नाव. आजोबांना नुसत्या डोळ्यांनी काही दिसेना. त्यांनी देवेशकडे हात पुढे केला. "जरा मलाही दाखवता का?"

"ही... ही सगळ्यांसाठी नाहीये काका," देवेश म्हणाला. "नीट धरावी लागते."

त्याच्या बोलण्यात गुर्मी नव्हती. त्याला भीती वाटत होती. पण ते मला कळत होतं, मी त्याची आई. आजोबांना कसं कळावं? "राहू दे, राहू दे," म्हणत त्यांनी हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा ते न सुचून टोपी सारखी केली. क्षमाने पटकन आपली दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली. पाणपक्ष्यांचा आवाज अचानक मोठा झाल्यासारखा वाटला.

त्यानंतर त्याच्याकडे कुणी दुर्बीण मागितली नाही. त्याचा अपमान करायचा म्हणून नव्हे. त्याला अवघड होऊ नये म्हणून. पण दुर्बिणी सगळीकडे फिरत असताना एकाच माणसाची फिरत नाही म्हटल्यावर तो आपोआप कडेला उभा राहतो. पुढे खाडीवरची सहल त्याने टाळली, खाऱ्या हवेने चामडं खराब होतं म्हणून. पावसाळ्यात तर बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. घामाचेही डाग पडतात, म्हणून एप्रिल-मे गेले. पक्षी बघायला आणलेल्या वस्तूला ऊन, पाऊस, चिखल, माणसाचा हात, काहीच सोसेना. शेवटी उरली ती घरची खिडकी.

खिडकीतही सुख होतंच की. कुंपणापलीकडच्या उंबरावर मोठ्या चोचीचा धनेश येतो, तो त्याने फोनवरून मला कितीदा वर्णन करून सांगितला. तो एकटा बघायचा आणि मी एकटी ऐकायची.

पण त्या उंबराच्या अलीकडे, तिरप्या बाजूला, सोसायटीची दुसरी विंग आहे. तिच्याही खिडक्या आहेत.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर ताटं विसळताना त्याने मला सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून.

"सेक्रेटरी आले होते. कंप्लेंट आहे म्हणाले. मी लोकांच्या घरात बघतो म्हणून."

"काय? अरे, मग सांगायचं ना त्यांना, पक्षी बघतो म्हणून!"

"सांगितलं. फोटो दाखवले. पेटी दाखवली."

"मग?"

नळ जोरात सोडून तो म्हणाला, "मग त्यांनी विचारलं, एकटेच बघता?"

तलावाकाठी सहा माणसांत उभा होता तेव्हा याच दुर्बिणीने जगात कुणाला शंका आली नव्हती. आता लिफ्टमध्ये बायका त्याला बघून पुढच्या फेरीची वाट बघतात. सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता मेसेज आला, 'काही सभासदांनी' असा. त्याने त्याच संध्याकाळी पडदा आणला.

"क्षमाला सांगू या का? ती येऊन चार शब्द बोलली तर..."

"आई, नाही." तो वळला. "तिला तर नाहीच. कुणालाही फोनबिन करायचा नाहीस. तुझी सवय माहितीये मला."

नंतर तो आडवा पडला असताना मी कपाटावरची पेटी खाली काढली. उघडली तर कुबट वास आला. बंद खोलीत, बंद मखमलीत, मुंबईच्या हवेत राहिलेलं ते चामडं. पावसाळ्यात चपलांवर येते तशी पांढरी बुरशी त्यावर धरली होती. भिंगाच्या कडेलाही कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं. मी घाबरून त्याला हाक मारली. आता हा किंचाळणार, असं वाटलं मला.

त्याने पाहिलं. झाकण लावलं. "असू दे," म्हणाला आणि पुन्हा जाऊन पडला.

पडद्यापेक्षा मला त्या 'असू दे'ची जास्त धास्ती वाटते आहे. हळदीचं बोट लागू न देणारा हा मुलगा. त्याला त्या वस्तूचंही काही वाटेनासं झालं असेल, तर मग त्याला कशाचं वाटतं आता?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मोठा झालाय तो. तू मध्ये पडू नको. पडलीस तर तोंड फिरवून बसेल." खरं आहे. लग्न मोडलं तेव्हा मुलीच्या आईला फोन केल्याबद्दल तो महिनोन्‌महिने माझ्याशी धड बोलला नव्हता.

पण दिवाळीत क्षमाचा मेसेज आला होता. 'काकू, देवेश कुठे हरवलाय? आम्हीच विचारत नाही, त्याला आवडणार नाही म्हणून.' म्हणजे ती तिकडे थांबलीये, हा इकडे. दोघंही एकमेकांचं मन जपत बसलीत, आणि मध्ये माझ्या मुलाचं आयुष्य दिव्याच्या उजेडात जेवतंय.

तक्रारीबद्दल मी क्षमाला काही सांगणार नाही. ते त्याचं आहे, सांगायचं तर तो सांगेल. मी एवढंच म्हणणार आहे की येत्या रविवारी सगळ्यांना घेऊन देवेशच्या घरी ये. धनेश उंबरावर येतोय, त्याच्या खिडकीतून स्वच्छ दिसतो. दुर्बिणी तुमच्या तुम्ही आणा. त्या वाकोल्याच्या आजोबांनाही आण, त्यांना जिना चढावा लागणार नाही, लिफ्ट आहे. मी आदल्या रात्रीच तिथे जाऊन राहीन, वाटाण्याची उसळ आणि वडे करीन. दुसऱ्या विंगेतल्या लोकांना दिसू दे खिडकीत किती माणसं उभी आहेत ती.

तो चिडणार. कदाचित सगळ्यांसमोर चिडेल आणि माझे वडे थंड होतील. कदाचित आजोबांना बघून आतल्या खोलीत जाऊन बसेल. मला त्याची खात्री देता येत नाही. पण दारात आलेल्या माणसांना तो परत पाठवणार नाही, एवढा तो माझा आहे.

क्षमा सकाळी लवकर शाळेला निघते. हे उठून काही बोलायच्या आत, ती घराबाहेर पडायच्या आत, मी तिला फोन करणार आहे.